जाळ्याला भोकं आहेत

मावशीचं इंटरनेटवरचं दुकान बंद पडलं ते माझ्यामुळे. कंपनीमुळे नाही, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांमुळे नाही, आणि मावशीच्या जाळ्यांमुळे तर मुळीच नाही. हे वाक्य इथे मी किती सरळ लिहून टाकलं पाहा. पण तेच तोंडातून काढायला मला दिवाळी ते उन्हाळा एवढा वेळ लागला. म्हणून आधी कबुली, मग मावशी. नाहीतर तिच्या गमती सांगता सांगता मी पुन्हा हळूच निसटून जाईन. मला ती सवय आहे.

मावशी, म्हणजे माझी एकट्याची नव्हे, सगळ्या गावाची मावशी, ही दिसेल ती गाठ ओढून पाहणारी बाई. तुमच्याही गावात कुणी असेल, जो प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून पाहतो किंवा प्रत्येक फळ हुंगतो. मावशीला तशी खोड गाठींची होती. सानगडीत बसस्टँडजवळ माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, आणि लोकांनी ऑनलाइन मागवलेली पार्सलंही माझ्याकडेच उतरतात. मावशी आत आली की आधी पार्सलांच्या दोऱ्या ओढायची. एखादी सुटली की ती दोरी माझ्या नाकासमोर धरायची.

"कोनं बांधलन हे बाबू? हात होते का पाय?"

मी पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. पण तिच्यासाठी बाबूच.

एकदा तिने साकोलीची बस थांबवून ठेवली होती. टपावर कुणीतरी पेटी बांधली होती आणि खाली लोंबणारं दोरीचं टोक मावशीला दिसलं. तिने ते ओढलं. ते हातात आलं.

"मावशी, गाडी जाऊ दे ना," कंडक्टर म्हणाला.

"जाऊ दे म्हनते. गाडी जाईन, पेटी इथंच राहीन."

मग ती स्वतः मागच्या शिडीवरून वर चढली. साठी ओलांडलेली बाई टपावर बसून पेटी बांधते आहे आणि खाली अख्खी बस खिडक्यांतून माना काढून पाहते आहे, असं ते दृश्य होतं. पेटी कुणाची होती ते कळलं नाही. मालकाने लाजून हात वर केला नसावा.

एकोडीच्या एका लग्नात तर तिने कहर केला. नवरा-नवरीच्या शेल्या-शालूची गाठ मारून झाली होती, फेरे सुरू होणार होते, आणि मावशी आशीर्वाद द्यायला पुढे गेली ती थेट गाठीपाशी. ओढली. सुटली. भटजींनी डोळे मिटले. मावशीने शांतपणे नवी गाठ मारली आणि दोन्हीकडच्या व्याह्यांना म्हणाली, "आता ओढून पाहा." त्यांनी खरंच ओढून पाहिली. नवरदेवाला संध्याकाळी कपडे बदलायला कात्री आणावी लागली. ते जोडपं रोज भांडतं, पण सुटत नाही, असं एकोडीत अजून सांगतात.

याचं मूळ तिच्या घरात होतं. घराणं तलावावर मासेमारी करणारं. नवरा गेला तेव्हापासून ती मासळी विकायची आणि उरलेल्या वेळात दारात बसून जाळी विणायची. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवायचा, हातात बांबूची सुई, आणि तोंडाने सगळ्या गावाची खबरबात. गाठीकडे पाहायचीसुद्धा नाही. कुणी कौतुक केलं की तिचं एक ठरलेलं वाक्य असे, "मी कायले सांगू? गाठ खोटी असंन त मासाच सांगते."

पण बाजारात यंत्रावर विणलेली जाळी आली आणि तिची जाळी खुंटीवरच राहू लागली. तिचे सख्खे भाचेच विकतचं जाळं घेऊन आले आणि वाळवायला तिच्याच दारात पसरलं. तेव्हापासून ती भाच्यांना चहा द्यायची, पण बिनसाखरेचा.

तिला इंटरनेटवर न्यायची, एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या साइटवर तिचं दुकान उघडायची कल्पना माझी. मी उत्साही माणूस आहे, आणि माझा उत्साह नेहमी दुसऱ्याच्या अंगणात नाचतो. मी म्हटलं, "मावशी, हाताने विणलेल्या वस्तूला शहरात मान आहे. तू जाळं दे, बाकी मी पाहून घेतो."

"शहरात तलाव आहेत का?"

"नसतील. पण लोक घेतात."

"मंग कायले घेतेत?"

याचं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की शहरात बाल्कन्या असतात आणि बाल्कन्यांत कबुतरं.

पहिल्या फोटोची गोष्ट सांगितलीच पाहिजे. फेकायचं जाळं कसं गोल पडतं ते दाखवायचं होतं, म्हणून आम्ही तलावाच्या पाळीवर गेलो. फोटो काढायला माझी बायको. मी जाळं कुठे पडावं ते दाखवायला पुढे उभा राहिलो.

"बाजूले होय बाबू."

"तू फेक गं. मी सरकतो."

मी सरकलो नाही. जाळं माझ्यावर इतकं सुरेख गोल पडलं की काठावरच्या शिशाच्या गोळ्या चारी बाजूंनी एकदम टपटपल्या. मी आत उकिडवा. बायको हसत हसत फोटो काढत सुटली. पुढे कितीही फोटो काढले तरी जाळ्याचा तसा गोल घेर एकाही फोटोत आला नाही. शेवटी तोच टाकला. त्यामुळे मावशीच्या दुकानाच्या पहिल्या पानावर, जाळ्याखाली, एक टक्कल पडलेला माणूस कायमचा बसलेला होता.

पहिला प्रश्न आला तो असा, "फोटोतील व्यक्ती सोबत येते का?"

मावशीने उत्तर सांगितलं, "नाई म्हन. त्याची बायको देत नाई."

माझी बायको आतून म्हणाली, "मले विचारलं कोनं? नेत असंन त नेऊ दे."

जाळी जाऊ लागली. आणि मग चांदण्या येऊ लागल्या.

तुम्ही ऑनलाइन काही घेतलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे. वस्तू मिळाली की पाचपैकी तारे द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मावशी त्यांना चांदण्या म्हणायची. रोज दुपारी मासळी विकून झाली की ती केंद्रात यायची, बाकावर पाय वर घेऊन बसायची आणि विचारायची, "आज कोनं देल्लन का चांदनी?"

पहिला शेरा मी दबकतच वाचून दाखवला. एक तारा. खाली लिहिलं होतं, "जाळ्याला भोकं आहेत. शुद्ध फसवणूक."

मला वाटलं, बाई रडेल. ती इतकी हसली की आधारासाठी तिने झेरॉक्स मशीनवर हात टेकला, बटण दाबलं गेलं आणि मशीनमधून तिच्या पंज्याची प्रत बाहेर आली. ती पाहून पुन्हा हसली. मग डोळे पुसून तिने उत्तर लिहायला सांगितलं, "लेह. भाऊ, भोकं आहेत म्हनूनच जाळा आहे. भोकं नसतीन त त्याले चादर म्हनतेत."

मी ते शब्दशः टाकलं. गिऱ्हाइकाने तारा वाढवला नाही.

मग एकेक रत्नं येत गेली. "सोबत मासे मिळाले नाहीत." "खूप सुंदर वस्तू. अजून उघडलेली नाही," आणि तारे दोन. "कबुतरं बंद झाली, पण आता सासूबाई अडकतात," तारे तीन. ते वाचून मावशी म्हणाली, "मंग पाच द्याले पायजे होते." एकाने एकच तारा दिला आणि लिहिलं की पार्सल आणणाऱ्याने बेल वाजवली नाही.

इथे मात्र ती हसली नाही. "बेल त्यानं वाजवली नाई. मंग चांदनी माही काहून कापलन?"

"असंच असतं मावशी. सगळं मिळून एकच मोजतात."

"म्हनजे भाताले खार झालं त मीठवाल्याले सोडून कुंभाराले मारते."

कुठल्याशा नदीकाठच्या गावातून एक शेरा असाही आला होता. "एकही गाठ सुटली नाही. आमच्या आजोबांच्या जाळ्याची आठवण झाली." पाच तारे. तो तिने माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतला की रांगेतल्या लोकांना पाठ झाला. पीक विम्याचा फॉर्म भरायला आलेला माणूस मला आधी "आजोबांचं जाळं" म्हणून दाखवायचा आणि मगच कागद काढायचा.

पण त्या एकाने काय होतंय. सगळ्यांची सरासरी काढून कंपनी एक आकडा लावायची, आणि त्याच्या शेजारी अर्धवट भरलेला तारा दाखवायची. मावशी पडद्याजवळ डोळे नेऊन पाहायची.

"हे अर्धी चांदनी कोनं खाल्लन?"

मी समजावलं, की आकडा खाली गेला की दुकान मागच्या पानावर जातं. ती लगेच समजली. आठवडी बाजारात ती नेहमी तोंडाशी बसायची. "म्हनजे मले उचलून ढोरांच्या बाजारामांगं बसवलन," ती म्हणाली. "तिथं कोन येते? ज्याची गाय हरवली तो."

पुढे कंपनीचा इशारा आला, की आकडा सुधारला नाही तर जाळी दाखवणं थांबवू. मावशीने सरळ उपाय काढला. "त्या भोकंवाल्याचा पत्ता दे. मी जातो. इथं कोनी कुरकुर केली त मी त्याच्या घरी जातो, चाहा पेतो, जाळा पाहातो. मंग तोच बाजूच्या घरी सांगते, बाई चांगली आहे म्हनून."

"कंपनी पत्ता देत नाही."

"नाव?"

"तेही अर्धंच असतं."

"मंग हे गिऱ्हाईक होय का भूत?"

त्या दिवशी ती गेल्यावर माझा उत्साह पुन्हा उठला. इथून पुढचं सगळं पाप माझं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाटकाचा खेळ रंगतो, लेकी-जावई, पाव्हणे-रावळे, सगळे गोळा होतात. सानगडीच्या मंडईच्या वेळी मावशी लेकीकडे कोंढ्याला गेली होती. मी ठरवलं की ती परत येईल तेव्हा तिचं आभाळ चांदण्यांनी भरलेलं असेल. केंद्रातला कॉम्प्युटर उचलून मंडपाशेजारी टेबलावर मांडला. येईल त्याच्या नावाने खातं उघडायचं आणि पाच तारे टाकायचे. पत्ता सगळ्यांचा एकच, माझं केंद्र. तिथे फक्त गिऱ्हाइकांनीच लिहायचं असतं हे मला माहीत होतं. पण गाव तिचंच आहे ना, असं मी मनाला सांगितलं. माझं मन माझं पटकन ऐकतं.

भोंगा आमच्या किराणावाल्याच्या हातात होता. तो लग्नातले आहेर पुकारणारा माणूस. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"एकोडीचे जावईबापू, यांच्याकडून मावशीच्या जाळ्याला पाच चांदण्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रांगच लागली. भाताच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जसं अख्खं गाव एकाच बांधीत उतरतं, तसं. भाचे आले आणि मान खाली घालून पाच पाच देऊन गेले. एका जोडप्यात बायको चारच द्यायला तयार होती, कारण मावशीने कधीतरी तिच्या हातच्या भाजीला नाव ठेवलं होतं. नवऱ्याने तिला मंडईतल्या आकाशपाळण्यात बसवायचं कबूल केलं तेव्हा पाचवा तारा सुटला. मावशीच्या शेजारचा म्हातारा, ज्याच्याशी तिचं बोलणं बंद होतं, तोही काठी टेकत आला. "पाच दे," म्हणाला, "आन खाली लेह. जाळा चांगला. बाई भांडखोर."

घोळ त्याच म्हाताऱ्याने केला. तो टेबलापाशीच थांबला. "वरचा एक?"

"कसला वरचा एक?"

"आहेर कधी बिनएकाचा देते का कोनी? पाचावर एक पायजे. सहा कर."

मी म्हटलं, यंत्र पाचाच्या वर घेत नाही. तो म्हणाला, "मंग एक वायला दे." मी सांगितलं, की एकटा एक तारा म्हणजे निंदा. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शकुनाच्या रुपयाले निंदा म्हनते. अन् हा आपले फारम भरते."

लोक हसले. भोंगा वाजत होता, मागे पाळणा फिरत होता, मला मुखियासारखं वाटत होतं. मी त्याच्या नावाने आणखी एक खातं उघडलं आणि एक तारा दिला. शेऱ्यात लिहिलं, "शकुनाचा." झालं. मागच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना वरचा एक हवा झाला. पाच, आणि लगेच एक. पाच, आणि लगेच एक. जे देऊन गेले होते त्यांतलेही काही वरचा एक द्यायला परत आले. किराणावाला भोंग्यावरून पुकारत होता, "पाच चांदण्या अन् वर एक शकुनाची." मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं होतं. इतका आनंदात मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

मावशी कोंढ्याहून परतली. शकुनाचे एक एक धरूनही आकडा चांगला वर चढला होता. शेरे वाचून दाखवायचं मी टाळलं. तिने आकडा पाहिला आणि बाकावर नीट, पाय खाली सोडून बसली. "पाहा बाबू. पुन्याच्या लोकाइले समजाले टाइम लागते, पन समजते." रांगेतले सगळे आपापल्या कागदांत तोंड घालून हसत होते. संध्याकाळी तिने शेजारच्या म्हाताऱ्याच्या घरीही मरळ माशाचा रस्सा पाठवला. "आज माहा जीव मोठा आहे," म्हणाली. म्हाताऱ्याने रस्सा ओरपला आणि तोंडातून शब्द काढला नाही. मावशीला कळू द्यायचं नाही, असं मी मंडईतच सगळ्यांना बजावलं होतं.

काही दिवसांनी मी सकाळी कॉम्प्युटर लावला तर मावशीचं दुकान नव्हतं. त्या जागी इंग्रजीत एक परिच्छेद होता. एकाच पत्त्यावरून पुष्कळ अभिप्राय आले आहेत, ते खरे वाटत नाहीत, सबब हे दुकान कायमचं बंद करण्यात येत आहे. दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. त्या बिचाऱ्या यंत्राने जन्मात प्रथमच असा माणूस पाहिला असेल, जो पाच तारे देतो आणि त्याच दमात एक देऊन त्याला शुभ म्हणतो.

मी तो परिच्छेद वाचत असतानाच मावशी आत आली. केंद्र भरलेलं होतं. मंडईत चांदण्या दिलेलेच लोक रांगेत उभे.

"काय म्हनते?"

"दुकान बंद केलं, मावशी."

"काहून?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या, बहुधा हसली असती. पण ती माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहत होती ती नजर मला गमवायची नव्हती. मी पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मालात खोट दिसली म्हणतात."

"कोनती खोट?"

"गाठीत असेल."

गाठ हा शब्द माझ्या तोंडातून का आला, मला ठाऊक नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की तोच पहिला सुचायचा. रांगेतले लोक आपापले कागद चाळू लागले. त्यांना वाटलं मी त्यांना वाचवलं. मला वाटलं त्यांनी मला.

"बरं," मावशी म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावरून गेलो. ती पाठवायला तयार असलेलं नवं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. गाठी ओढून सुटत नव्हत्या, म्हणून ब्लेडने एकेक कापून पाहत होती. आतला पीळ उन्हात धरायची, डोळ्याजवळ न्यायची, बाजूला टाकायची, पुढची घ्यायची.

"सापडत नाई गा," मला पाहून म्हणाली. "तुले इंग्रजी येते. नेमकी कोनती गाठ ते लेहलन का त्याइनं?"

मी म्हटलं, "नाही लिहिलं." तेवढं एक तरी खरं बोललो, असं समाधान मला वाटलं. माणूस कुठे कुठे समाधान शोधतो पाहा.

त्यानंतर ती केंद्रात आली तर बाकावर बसायची, पण पार्सलांना हात लावायची नाही. मी मुद्दाम एक दोरी ढिली बांधून तिच्यासमोर ठेवली. तिने ती पाहिली. मला दिसलं की पाहिली. पण हात पदराखालीच राहिला. विणायच्या बांबूच्या सुया तिने भाच्यांच्या पोरांना खेळायला दिल्या. होळीनंतर घराला कुलूप लावून ती लेकीकडे कोंढ्याला राहायला गेली. जाताना तिच्या सामानाचं गाठोडं तिने भाच्याकडून बांधून घेतलं. बसच्या दारात ते सुटलं आणि भांडी रस्त्यावर पसरली. तिने वाकून ती एकेक गोळा केली.

ते पाहिल्यावर मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "कंपनीले लेहून काय होते? तिले सांग." मी अर्थातच आधी कंपनीला लिहिलं, कारण ते सोपं होतं. सगळा गुन्हा कबूल केला, मंडई समजावली, शकुनाचा एक समजावला. उत्तर क्षणात आलं. आपल्याशी बोलून आनंद झाला, या संवादाला आपण किती तारे द्याल? मी भीतीने पाच दिले.

मग मोटरसायकल काढली आणि कोंढा गाठला.

ऊन तापायच्या आधीची वेळ होती. मावशी घरी नव्हती. लेक म्हणाली, बाया तलावावर झिंगे, म्हणजे कोळंबी, धरायला गेल्या आहेत. तलाव आटून मध्यभागी आला होता, बाकी सगळा चिखल. बाया टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात वाकल्या होत्या. मी पाळीवर उभा राहून हाक मारली.

"पाव्हना कोनाचा वो?" एक बाई ओरडली.

मावशीने डोळ्यांवर हात धरला. "आमच्या सानगडीचा कम्पुटर होय."

"मावशी, इकडे ये. बोलायचं आहे."

"झिंगे सोडून? तूच ये."

मी चपलांसकट उतरलो. ही माझी नेहमीची अक्कल. पहिल्या दोन पावलांत एक चप्पल चिखलाने गिळली. ती काढायला वाकलो तर दुसरी गेली. चार पावलं आणखी टाकली आणि गुडघ्यापर्यंत असा रुतलो की पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना. बाया टोपल्या टाकून हसू लागल्या. "याले धरा वो, मोठा मरळ लागला." "राहू दे, काटे लय असतीन." मावशीही हसत होती. कित्येक महिन्यांनी तिला हसताना पाहत होतो, आणि आता मला तेही थांबवायचं होतं.

तिथूनच सांगायला सुरुवात केली. मोठ्याने सांगावं लागलं, कारण ती लांब होती. मंडई सांगितली. भोंगा सांगितला. पाचावर एक सांगितला, तेव्हा बाया पुन्हा हसल्या. एकीने विचारलं, "मंग चुकलं काय? एक त लागतेच." मावशीचं हसू मात्र हळूहळू उतरत गेलं. मी पडद्यावर खरोखर काय लिहिलं होतं ते सांगितलं. आणि मी काय वाचून दाखवलं तेही.

आता कुणी हसत नव्हतं. मावशी टोपली कमरेला लावून पाण्यातून माझ्याकडे आली. चिखलात तिचे पाय कुठेच रुतले नाहीत. माझ्यासमोर थांबली. दुकानाचं ती काही बोलली नाही, चांदण्यांचंही नाही.

"म्हनजे," तिने विचारलं, "माह्या गाठीत काईच नोव्हतं?"

"काईच नोव्हतं, मावशी," मी म्हणालो. "गाठ बरोबर होती. पयल्यापासून बरोबर होती. खोटं मी बोललो. मले माफ कर."